माल उतरून घेताना

रोपवाटिकेचा हंगाम कुठून सुरू होतो असं कुणी विचारलं, तर मी पेरणीच्या ट्रेकडे बोट दाखवत नाही. मी फाटकाजवळची माल उतरवायची जागा दाखवते. गाडी मागे घेता येईल एवढी मोकळी जागा, वर छप्पर, एका बाजूला पाण्याचा नळ, एक लांब टेबल आणि त्यावर दोरीने बांधलेली नोंदवही. दिसायला एवढंच. पण पुढच्या चार-सहा महिन्यांत वाफ्यांवर काय तरारून उभं राहणार आणि काय हळूहळू माना टाकणार, यातलं बरंचसं इथेच, गाडीचं मागचं दार उघडल्यावर पहिल्या तासाभरात ठरतं.

आणि हेच काम बहुतेक ठिकाणी सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. "गाडी आलीय, जरा उतरून घे," एवढीच सूचना. कलम बांधणाऱ्याच्या हाताचं कौतुक होतं, छाटणी करणाऱ्याची नजर वाखाणली जाते. माल खाली घेणारा मात्र ओझं उचलणारा मानला जातो. माझं मत याच्या अगदी उलट आहे आणि वर्षागणिक ते पक्कं होत गेलंय. बागेत येणारी प्रत्येक गोष्ट ज्या हातांतून आत येते, ते हात बागेतले सगळ्यात जाणते असायला हवेत. त्या माणसाकडे वेळ हवा, भिंग हवं आणि "हे परत न्या" म्हणण्याचा अधिकार हवा.

गाडी भरणारा माल भरतो तो वजनाच्या हिशेबाने. जड पोती तळाला, हलके खोके वर, जिथे फट दिसेल तिथे पाइपांची भेंडोळी. उतरवणाऱ्याने मात्र हिशेब जिवाचा करायचा असतो. कुंड्या, बांबू, जाळीचे गठ्ठे आठवडाभर तसेच पडून राहिले तरी त्यांचं काही बिघडत नाही. उघड्या मुळांच्या झाडांकडे मिनिटं असतात, ट्रेमधल्या कोवळ्या रोपांकडे काही तास, मित्रकिडींच्या, म्हणजे पिकावरच्या किडी खाणाऱ्या जिवांच्या, बाटल्यांकडे एखाद-दोन दिवस, बियाण्याकडे महिने. हा क्रम डोक्यात पक्का असला की गाडीचं दार उघडल्याबरोबर हात कुठे जायला हवा ते विचारावं लागत नाही.

उघड्या मुळांच्या झाडांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण त्यांच्यावर होणारा अन्याय दिसत नाही. पानझडीच्या सुप्तावस्थेत जमिनीतून काढलेली, माती झटकलेली, जुड्या बांधून पाठवलेली ही झाडं. पानाला वरून मेणासारखा थर असतो, पाणी धरून ठेवणारा. बारीक मुळांना तसं काहीच नसतं. कोरड्या वाऱ्यात आणि उन्हात ती काही मिनिटांतच सुकायला लागतात. पण झाड हे सांगत नाही. नखाने साल खरवडली तर आत हिरवं दिसतं. लावल्यावर डोळे फुटतात, पालवीही येते, कारण फांद्यांमध्ये साठवलेलं अन्न असतं. मग काही आठवड्यांनी, साठा संपला आणि मुळांकडून काही येईना, की तीच पालवी सुकते. तोवर गाडी, चलन, तो दिवस सगळं विसरलेलं असतं. दोष जातो लावणाऱ्याला, नाहीतर पाणी देणाऱ्याला. म्हणून जुड्या उतरल्या की आधी सावली, मग ओली गोणपाटं, आणि त्यानंतर मोजणी. मुळं सुकलेली वाटली तर काही तास पाण्यात बुडवावीत. दिवसेंदिवस ठेवली तर गुदमरतात. लगेच लावणं होणार नसेल तर ओलसर मातीत तिरका चर काढून त्यात मुळं पूर्ण झाकून ठेवावीत, जुड्या सैल करून, म्हणजे मधल्या झाडांच्या मुळांनाही माती लागते. जुडी तशीच घट्ट पुरली तर मधली झाडं पोकळीत राहतात आणि बाहेरच्या मुळांना मिळणारी ओल त्यांना मिळत नाही.

ट्रेमधल्या रोपांची अडचण वेगळी. एका कप्प्यात चमचाभर माती, तेवढंच पाणी. बंद खोक्यांत, अंधारात, एकावर एक रचून ती आलेली असतात आणि प्रवासभर त्यांचा श्वास चालू असतो. श्वासातून उष्णता निघते; उष्णतेने श्वास वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की वनस्पतीचा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून थप्पीतला बाहेरचा खोका गार लागतो आणि मधला उबदार. बाहेरचा एक खोका उघडून "सगळं ठीक" म्हणणाऱ्याने मधल्या खोक्यात हात घातलेला नसतो. खोके उघडून ट्रे सावलीत पसरायचे, पाणी द्यायचं, आणि लगेच कडक उन्हात न्यायचं नाही, कारण अंधारातून आलेल्या पानाला प्रकाशाची सवय पुन्हा लावावी लागते. थंडीत गोठून आलेल्या खोक्यांना तर घाईघाईने ऊबही देऊ नये. पाणी गोठणार नाही एवढ्याच गार जागी, खोक्यासकट, सावकाश वितळू द्यावं.

गाडीत शेजारी काय होतं, हेही मी विचारते. चालकाला हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. पण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, आणि बंद गाडीत त्याचा अंश पुरेसा असतो. फुलांच्या पाकळ्या गळतात, पानं पिवळी पडतात, ट्यूलिपच्या कंदाच्या पोटात तयार होऊन बसलेली कळी आतल्या आत मरते. बाहेरून कंद टणक, देखणा. फूल मात्र येत नाही. हा वायू ओळखला गेला तो १९०१ साली, रशियात दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. तिथल्या हवेत वाटाण्याचे कोंब विचित्र आडवे वाढत होते आणि कारण निघालं दिव्यांच्या गॅसमधलं इथिलीन. गंमत अशी की बुरशी लागलेले ट्यूलिपचे कंद स्वतःही हा वायू सोडतात, त्यामुळे पेटीतले थोडे कुजके कंद शेजारच्या चांगल्यांचीही कळी मारतात. कंदांची पेटी आली की मी वास घेते. आंबूस वास आला तर पेटी टेबलावर उलटी करून एकेक कंद बघितल्याशिवाय ती गोदामात जात नाही. लिलीचे कंद वेगळे. त्यांना सुकवून हवेशीर ठेवायचं नसतं. ते खऱ्या अर्थाने कधी झोपतच नाहीत, त्यांना ओलसर भुशातच राहू द्यायचं.

मग तपासणी. चालकाला घाई असते आणि ती खरी असते. त्याला पुढे आणखी ठिकाणं गाठायची असतात, दिवसाच्या वेळेवर त्याची मजुरी असते. "ताई, सही करून टाका, मोजणी नंतर करा," असं तो म्हणतो तेव्हा त्यात लबाडी नसते. म्हणून गाडी येण्याआधी आपली तयारी हवी. मागणीचा कागद हाताशी, जागा रिकामी, नळीला पाणी, उचलायला माणसं. म्हणजे त्याचाही वेळ जात नाही. पण सही मात्र बघितल्यावरच. मोजता येण्यासारखं मोजायचं; जे उघडून बघायला वेळ नाही त्यावर "खोके न उघडता घेतले" असं चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहायचं. फाटलेलं पोतं, फुटलेला डबा, चेपलेला खोका, तिथल्या तिथे फोटो आणि शेरा. गाडी गेल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही.

रोप बघायचं ते खालून वर. आधी कुंडीतून अलगद काढून मुळं. पांढरी, टोकं ताजी असतील तर जीव भांड्यात पडतो. तपकिरी, बोटांत धरल्यावर साल निघून येणारी, कुबट वासाची मुळं म्हणजे मूळकूज. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक धाग्यासारखे कृमी, आणि ती माती आपल्या वाफ्यापर्यंत जाताच कामा नये. गोल गोल गुंडाळलेली मुळं म्हणजे रोप कुंडीत फार दिवस अडकून पडलेलं. मग खोड, कलमाचा जोड, आणि शेवटी पानाची मागची बाजू, कारण सगळं तिथेच लपतं. फुलकिडे, पांढरी माशी, लाल कोळी, बेचक्यांत पिठ्या ढेकूण, शिरेला चिकटलेले खवले. पुढून चकचकीत दिसणारं पान मागून बोलतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असलं की पुरतं.

नाही म्हणणं अवघड असतं. माल लांबून आलेला असतो, हंगाम तोंडावर असतो, पाठवणाऱ्याशी संबंध जुने असतात. अशा वेळी मला वॉशिंग्टनच्या चेरीची हकीकत आधार देते. जानेवारी १९१० मध्ये टोकियो शहराने भेट म्हणून पाठवलेली २,००० चेरीची झाडं वॉशिंग्टनला पोचली. दोन देशांच्या मैत्रीची भेट. अध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांना त्या झाडांचं मोठं अप्रूप होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तपासनीसांनी झाडं उघडून पाहिली तर त्यांत किडी आणि सूत्रकृमी. त्या खात्यातल्या लोकांवर काय दडपण असेल, याची कल्पना करून बघा. एका राष्ट्राने दिलेली भेट. तरी त्यांनी शिफारस केली ती झाडं नष्ट करण्याची, आणि अध्यक्ष टाफ्ट यांनी त्याच महिन्यात संमती दिली. झाडं जाळली गेली.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी आणि त्यांच्या शहराने राग धरला नाही. त्यांनी नव्याने कामाला हात घातला. टोकियोजवळच्या अराकावा नदीकाठच्या नावाजलेल्या झाडांच्या काड्या घेऊन त्यांची कलमं निरोगी खुंटांवर, म्हणजे मुळं असलेल्या रोपांवर, बांधली, रोपं काळजीने वाढवली, आणि मार्च १९१२ मध्ये ३,०२० झाडं वॉशिंग्टनला पोचली. ती तपासणीत उतरली. २७ मार्चला त्यांतली पहिली दोन लावली गेली. त्याच वर्षी अमेरिकेत वनस्पतींच्या विलगीकरणाचा कायदाही झाला. आज वसंतात तिथे लाखो माणसं फुलं बघायला जमतात. स्पष्ट, पुराव्यासह दिलेला नकार चांगल्या पुरवठादाराला अपमान वाटत नाही, असं मी या हकीकतीतून घेतलंय आणि ते माझ्या अनुभवालाही जुळतं. ज्यांचा माल मी परत पाठवलाय, त्यांतले जे चांगले होते त्यांनी पुढच्या खेपेला जास्त काळजी घेतली.

प्रवासाचा आणखी एक पेच आहे. रोप जगावं म्हणून आपण जे करतो, त्याने कीडही जगते. पूर्वी समुद्रमार्गे पाठवलेली बहुतेक झाडं खाऱ्या फवाऱ्याने आणि तहानेने वाटेतच मरत. १८२९ साली लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांना बंद बाटलीतल्या ओलसर मातीत नेच्याचा कोंब आपोआप वाढताना दिसला. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या, १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपं सिडनीपर्यंत सुखरूप गेली, आणि जगभर झाडांची ये-जा सुरू झाली. त्यातच बोटी वाफेवर चालू लागल्या, प्रवास आठवड्यांवर आला. १८६०च्या दशकात अमेरिकी द्राक्षवेलींबरोबर फायलॉक्सेरा हा मुळांवरचा इवलासा किडा युरोपात जिवंत पोचला आणि त्याने तिथले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. उपाय सापडला तोही त्याच वाटेने आला होता. अमेरिकी खुंटांच्या मुळांना तो किडा सोसत होता, म्हणून युरोपी वेलींची कलमं त्यांच्यावर बांधली गेली.

अलीकडचं दुःख ऑलिव्हचं. इटलीच्या पुलिया प्रांतात २०१३ साली झायलेला नावाचा जिवाणू सापडला. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिकांत राहतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. शतकांची लाखो झाडं गेली. जनुकीय अभ्यासांनी बोट दाखवलंय ते मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपाकडे. असं रोप वरवर निरोगी दिसू शकतं. तिथे माझं भिंग काही करू शकत नाही, हे मान्य करायला हवं. म्हणूनच डोळ्यांच्या तपासणीनंतर वेगळं ठेवणं येतं आणि म्हणूनच नोंद येते. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून लावणीसाठीच्या सर्व रोपांना पासपोर्ट लागतो. रोप कुठून आलं हे त्यावरून शोधता येतं. मालाखालच्या लाकडी पॅलेटवरसुद्धा गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का बघायची सवय मी लावून घेतलीय. त्यावर 'एचटी' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे. लाकूड पोखरणारे भुंगेरे अशाच लाकडातून देशोदेशी गेलेत. शिक्का नसलेल्या परदेशी पॅलेटचे कुणी वाफ्याला कठडे करू नयेत.

तरी मी खोक्याकडे संशयानेच बघते असं नाही. १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांबरोबर एक अनोळखी, नारिंगी रंगाची कोळ्यासारखी कीड आली. ती लाल कोळ्यांवर जगते, असं लक्षात आलं. फायटोसियुलस पर्सिमिलिस. आज जगभरच्या हरितगृहांत लाल कोळ्याला आवरण्यासाठी तिच्या बाटल्या मागवल्या जातात. अशी बाटली गाडीतून येते तेव्हा ती खतांच्या डब्यांसारखीच दिसते आणि म्हणून तिचे हाल होतात. तिच्यात शेकडो भुकेले जीव असतात. बाटली आडवी ठेवायची, ८ ते १० अंशांत, अंधारात, आणि एखाद-दोन दिवसांत सोडून द्यायची. उपयोगी सूत्रकृमींच्या पाकिटाला त्याहून गारवा लागतो, साधारण ५ अंश, पण गोठू द्यायचं नाही. ज्या दिवशी अशी पार्सलं येणार, त्या दिवशी ती कुठल्या वाफ्यावर जाणार हे आधी ठरलेलं हवं. शुक्रवारी संध्याकाळी पार्सल आलं, सोमवारी उघडलं, असं झालं की आपण मेलेल्यांना वाफ्यावर पसरतो आणि मग म्हणतो, मित्रकिडींचा काही उपयोग होत नाही.

बियाणं सोशीक, पण त्यालाही मर्यादा आहे. बियाण्याचे शास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचे ठोकताळे मी शीतकपाटाच्या दारावर लिहून ठेवलेत. बियांतली ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवलं की पुन्हा दुप्पट. ठरावीक मर्यादेत हे चांगलं लागू पडतं. ओल आणि उष्णता यांत ओल जास्त घातक, म्हणून पाकीट उघडलं की हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीसह. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत थकतं, टोमॅटोचं बराच काळ टिकतं. दोघांना एकाच तारखेच्या भरवशावर ठेवू नये.

काही बिया मात्र साठवायच्याच नसतात. आंबा, फणस, कोको, रबर यांच्या बिया सुकल्या की मेल्या. जून १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून आणलेल्या रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोचल्या. तिथे त्या लागलीच पेरल्या गेल्या. तरीही उगवल्या त्या २,७०० च्या आसपास, शंभरात चारेक. पुढे आशियातले रबराचे मळे उभे राहिले ते बहुतांशी त्यांच्याच वंशावर. पोत्यांचं तोंड उघडायला तिथे आठवडा लागला असता तर किती उगवल्या असत्या, हा विचार माझ्या मनात अशा बियांचं प्रत्येक पोतं येताना असतो.

आता गोदाम. इथे जीव नसतो, पण रसायन जागं असतं. युरिया आणि अमोनियम नायट्रेट, दोन्ही पांढरे दाणे, दोन्ही नत्राची खतं, म्हणून कुणी शेजारी ठेवतं, सांडलेलं एकत्र झाडून एका पोत्यात भरतं. हे करू नये. हवेतली ओल ओढायला सुरुवात करण्याची प्रत्येक खताची एक पातळी असते. ३० अंशांना अमोनियम नायट्रेटची ती साधारण ५९ टक्के आर्द्रता, युरियाची साधारण ७२. दोन्ही मिसळली की ती पातळी १८ टक्क्यांपर्यंत खाली येते, म्हणजे कोरड्यातल्या कोरड्या दिवसातही त्याचा राडा होणार. अमोनियम नायट्रेट इंधन, भुसा, तागाची पोती, उष्णता या सगळ्यांपासून लांब ठेवायचं ते याहून मोठ्या कारणाने. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात स्फोट झाला तो गोदामात सुमारे सहा वर्षं पडून असलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा. दोनशेहून जास्त माणसं गेली. एवढा साठा कुठल्याही रोपवाटिकेत नसतो. पण "उतरवलाय, राहू दे तिथेच, बघू नंतर" हे वाक्य मला तेव्हापासून ऐकवत नाही. उतरवलेल्या मालाला जागा, धनी आणि बाहेर जायची तारीख हवी.

कीटकनाशकांचं कपाट कुलपात, हवेशीर, पाण्याच्या हौदापासून आणि बियाण्यापासून दूर. वरच्या फळीवर भुकट्या, खालच्या फळीवर द्रव, म्हणजे डबा फुटला तरी खालच्या भुकटीवर ठिबकणार नाही. तणनाशकं स्वतंत्र. दाराला उंबरा, सांडलेलं बाहेर वाहू नये म्हणून. सगळं मूळ डब्यात, मूळ लेबलसह. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काही ओतून ठेवणाऱ्याला मी कामावर ठेवणार नाही, इतकी ही गोष्ट मला गंभीर वाटते. आत काय काय आहे त्याची यादी कपाटात नको, बाहेर हवी. आग लागली तर विझवायला येणाऱ्यांना ती आत जाऊन वाचता येणार नाही.

कुंड्या भरायच्या मातीमिश्रणाच्या पिशव्या सगळ्यांत निरुपद्रवी वाटतात. पण त्यात हळूहळू विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या आधीच मिसळलेल्या असतील, तर त्या पिशवीतही उबेने आणि ओलाव्याने सुटत राहतात. उन्हात वर्षभर पडलेली पिशवी म्हणजे क्षारांची पिशवी. त्यातली रोपं पानांच्या कडांनी करपतात. आधी आलेली आधी वापरायची, जमिनीपासून उचलून, सावलीत. पिशवी फोडताना चेहरा लांब, मास्क लावून, धूळ बसेल इतपत पाणी शिंपडून. लिजिओनेला लाँगबीची या जिवाणूचा आणि अशा मिश्रणांचा संबंध १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात उघड झाला. तो फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून ७० लिटरच्या आसपास फुगते, हे कळलं की जागेचा अंदाज चुकत नाही. पण प्रत्येक नव्या खेपेचे क्षार मोजल्याशिवाय ती मी वापरू देत नाही.

माणसांची काळजी ही या सगळ्याच्या आधी येते. गाडी मागे घेताना एकानेच इशारे द्यायचे, चालकाच्या आरशात दिसेल असं उभं राहून, बाकीच्यांनी बाजूला. ओली पिशवी कोरडीपेक्षा कितीतरी जड भरते, तेव्हा ढकलगाडी आधी, पाठ नंतर. थप्पी आडव्या-उभ्या बांधणीने, छातीपेक्षा उंच नाही.

नोंदवहीत मी नेहमीचे रकाने ठेवलेत. तारीख, पाठवणारा, चलन क्रमांक, लॉट क्रमांक, नग, तपासणारा, ठेवलेली जागा. पोत्यावर आणि खोक्यावरही जाड पेनाने तारीख, कारण गोदामात कुणी वही घेऊन फिरत नाही. पण शेवटी एक रकाना मी वाढवलाय आणि तो गाडी आली त्या दिवशी कोराच राहतो. नवी रोपं वेगळ्या वाफ्यावर जातात, बाकीच्यांपासून दूर. तिथे काम करणारी शेवटी तिथे जाते, आधी नाही, आणि तिथली कात्री तिथेच राहते. दोनेक आठवडे तरी ती तिथे असतात, कारण येताना जी अंडी दिसली नाहीत ती तोवर उबतात आणि किडी पकडणारे पिवळे चिकट सापळे बोलू लागतात. त्या मुदतीनंतर पुन्हा एकदा कुंडीतून रोप काढून बघायचं. जुन्या मातीच्या गोळ्याबाहेर नवं पांढरं मूळ आलंय का, शेंड्याला इथल्या पाण्यावर वाढलेलं पान आहे का. असेल तरच त्या रकान्यात तारीख आणि तपासणाऱ्याची सही पडते, आणि रोपं बाकीच्या बागेत मिसळतात. माझ्या लेखी माल त्या दिवशी मिळालेला असतो. पाठवणाऱ्यालाही मी तीच तारीख कळवते, किती लागली आणि किती गेली त्या आकड्यांसह, आणि पुढच्या हंगामाची मागणी त्या पत्राखालीच लिहिते.